गुपचूप खरेदीखतांची पावणेचारशे वर्षं

इंग्लंडात घर घेणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. भाव ठरला, मालकाने हो म्हटलं, दारातल्या पाटीवर ‘सोल्ड’ची पट्टी लागली, मग घर अजून आपलं का नाही? आणि तीन-चार महिन्यांनी मालकाने ते जास्त पैसे देणाऱ्या तिसऱ्यालाच दिलं, तर त्याला जाब कसा विचारता येत नाही? मी लेस्टरमध्ये कन्व्हेयन्सर आहे, म्हणजे घरांच्या खरेदीविक्रीची कायदेशीर कामं करते. पुण्या-नाशकाकडून आलेली मंडळी हे विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात इसार आणि साठेखत असतं. इसार दिला की समोरचा बांधला गेला, असं आपण धरून चालतो. इथे महिनोन्महिने कोणीच बांधलेलं नसतं. असं का, याचं नियमातलं उत्तर दोन वाक्यांत देता येतं आणि कामाच्या गडबडीत मी तेवढंच देते. खरं उत्तर फार जुनं आहे. इथल्या घरखरेदीतल्या बऱ्याचशा कटकटी एका भांडणातून आल्या आहेत: जमीन कोणाची, हे चारचौघांना कळू द्यायचं की नाही?

तेराव्या शतकातल्या इंग्रज खेड्यात हे भांडण नव्हतं. जमीन विकायची तर दोघांनी त्या जमिनीवर जायचं, शेजारीपाजारी साक्षीला बोलवायचे, आणि विकणाऱ्याने तिथल्याच मातीचं गवतासकट ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात द्यायची. घर असेल तर दाराची कडी नाहीतर किल्ली. विकणाऱ्याने आपली माणसं घेऊन हद्दीबाहेर व्हायचं आणि जमीन मोकळी करायची. या विधीला ‘लिव्हरी ऑफ सीझिन’ म्हणत. कागद केला तर तो आठवणीपुरता. मालकी जायची ती हातातल्या ढेकळाबरोबर. पुढे वाद झाला तर ज्युरीत बसणारेही आसपासचेच लोक असत. शेत कोणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं, कारण ते सगळ्या गावासमोर दिलेलं असायचं.

ही पद्धत मोडली ती आठव्या हेन्रीच्या काळात, आणि तीही पैशापायी. त्या वेळचे जमीनदार जमीन विश्वासातल्या चार माणसांच्या नावावर ठेवत आणि उपभोग मात्र स्वतः घेत. त्यामुळे मालक मेल्यावर वारसाकडून राजाला मिळायचं येणं बुडत होतं. १५३५-३६ च्या पार्लमेंटने कायदा केला: जो उपभोग घेतो, तोच मालक. राजाचं येणं वसूल होऊ लागलं, पण त्या कायद्याचा एक भलताच परिणाम झाला. जमिनीचे पैसे भरलेल्या माणसाचा उपभोग मानला जाई, आणि उपभोग ज्याचा तोच मालक. म्हणजे जमिनीवर पाऊलही न ठेवता, बंद खोलीत, नुसत्या लेखी सौद्याने जमीन जाऊ लागली. हे पार्लमेंटच्याही लक्षात आलं आणि लगोलग दुसरा कायदा झाला: असा सौदा सहा महिन्यांच्या आत वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात किंवा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे नोंदवलाच पाहिजे.

हा दुसरा कायदा पाळला गेला असता तर इंग्लंडला जमिनीची सार्वजनिक नोंदवही सोळाव्या शतकातच मिळाली असती. तो पाळला गेला नाही, कारण त्यात एक फट होती. नोंदणीची सक्ती कायम मालकीच्या विक्रीला होती. ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नव्हती. सर फ्रान्सिस मूर नावाच्या वकिलाने ती फट हेरली, असं सांगतात. आदल्या दिवशी एका वर्षाचा भाडेपट्टा करायचा. कायद्याच्या नजरेत घेणारा ताब्यात आला. दुसऱ्या दिवशी मालकाने उरलेल्या हक्काचं हक्कसोडपत्र करून द्यायचं. त्याला ढेकूळ नको, नोंद नको. दोन कागद, दोन दिवस, आणि शेजाऱ्याला पत्ता नाही. १६२० च्या सुमारास न्यायालयाने ही युक्ती ग्राह्य धरली आणि पुढची सव्वादोनशे वर्षं इंग्लंडातली बहुतेक जमीन अशी जोडकागदांवर विकली गेली.

असे जोडकागद अजूनही हातात येतात. एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पश्चात घर विकायला निघतं आणि मुलं पत्र्याच्या पेटीतून गुंडाळी आणून टेबलावर ठेवतात. मोठा कागद चार माणसांच्या ताटाएवढा, त्याच्या घडीत लहान भाडेपट्टा. कागद म्हणायची सवय, पण ते मेंढीचं कातडं असतं. मेंढीच्या कातड्यात थरांमध्ये चरबी असते. कोणी अक्षर खरवडून बदलायला गेलं तर वरचा थर सुटतो आणि डाग दिसतो. बाराव्या शतकातल्या सरकारी खजिन्याच्या ग्रंथातही हेच कारण देऊन मेंढीचं कातडं वापरायला सांगितलं आहे. वरची कड नागमोडी कापलेली असते, कारण पूर्वी एकाच कातड्यावर दोन प्रती लिहून मधून वाकडंतिकडं कापत आणि वाद झाला की दोन्ही तुकडे जुळवून पाहत. कडेला निळ्या कागदाचा उठावदार मुद्रांक, धातूच्या बारीक पट्टीने कातड्यात रोवलेला. मागच्या बाजूला त्या पट्टीची टोकं झाकणारी राजाच्या आद्याक्षरांची चिकटपट्टी. मजकुरात विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. लहान कागदावर वर्षाचं भाडं लिहिलेलं असतं: मागितलं तर मिऱ्याचा एक दाणा. मी हा कागद मुलांसमोर उलगडते तेव्हा त्या मिऱ्याच्या दाण्यावर बोट ठेवून दाखवते. एवढ्या एका दाण्याच्या भाड्यावर नोंदणीचा कायदा निकामी झाला होता.

ही गुप्तता सांभाळायला माणसं लागत होती आणि ती त्यावर पोसली जात होती. मसुद्याचे पैसे शब्दांवर मोजले जात, ७२ शब्दांचा एक फोलिओ. त्यामुळे एका ‘विकतो’च्या जागी ‘देतो, विकतो, सोडतो, हस्तांतरित करतो’ अशी रांग लागे. १८०४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी वकिलांवरचं मुद्रांक शुल्क वाढवलं आणि बदल्यात पैसे घेऊन खरेदीखत लिहिण्याचा हक्क फक्त त्यांना दिला. तो मक्ता १९८५ च्या कायद्याने सुटला. माझ्यासारख्या सॉलिसिटर नसलेल्या परवानाधारक कन्व्हेयन्सरचा धंदा त्या कायद्यामुळे आहे. १८८१-८२ मध्ये मसुद्याचे दर शब्दांऐवजी मालमत्तेच्या किमतीवर ठरले आणि खरेदीखतं एकाएकी आखूड झाली.

पण पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरं होतं. मालकीचा पुरावा म्हणजे फक्त ती गुंडाळी. घर दहा वर्षांत तीनदा विकलं गेलं तर तीन वकिलांनी मागच्या ६० वर्षांची तीच खतं नव्याने वाचायची, वाचण्याचे पैसे तीनदा घ्यायचे, आणि तरीही मधलं एखादं गहाणखत कोणी दडवलं असेल तर ते कळायचं नाही. मागच्या ६० वर्षांची खतं दाखवायची ही अट १८७४ मध्ये ४० वर आली, १९२५ मध्ये ३० वर, १९६९ मध्ये १५ वर. प्रत्येक वेळी अट खाली आली की जुनी खतं निरुपयोगी ठरली. कित्येकांच्या लॅम्पशेड झाल्या. मला त्याचं वाईट वाटतं. गावाचा इतिहास त्या कातड्यांवरच लिहिलेला होता.

आता पहिल्या प्रश्नाकडे. तोंडी सौद्यांवरून खोट्या साक्षी इतक्या वाढल्या की १६७७ मध्ये पार्लमेंटने जमिनीच्या कराराला लेखी आणि सही केलेला पुरावा सक्तीचा केला. मग वकिलांनी पत्रापत्रीत ‘करार होईल या अटीवर’ असं लिहायला सुरुवात केली, आणि १८७७ मध्ये ‘विन विरुद्ध बुल’ या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की असं लिहिलं असेल तर कोणीच बांधील नाही. ‘सोल्ड’च्या पट्टीमागे आजही हीच अट असते. यामागे घेणाऱ्याची भीतीही होती आणि ती रास्त होती. कारण विकणाऱ्याने आपणहून काही सांगण्याची सक्ती नव्हती. जे कळायचं ते घेणाऱ्याने शोधून काढायचं. नगरपालिकेच्या नोंदी, गटारं, रस्त्याची मालकी, खाणी, बँकेचं कर्ज, हे सगळं पाहिल्याशिवाय शहाणा माणूस स्वतःला बांधून घेत नाही. आणि तो बांधून घेत नाही म्हणून विकणाराही मोकळा राहतो. पूर्वी खतांची तपासणी करारानंतर होई. आता तीही आधीच होते.

१९८९ च्या कायद्याने तोंडी कराराची उरलीसुरली वाट बंद केली. सगळ्या अटी एकाच कागदात हव्यात आणि त्यावर दोघांच्या सह्या हव्यात. प्रत्यक्षात एकाच मजकुराच्या दोन प्रती होतात, विकणारा एकीवर सही करतो, घेणारा दुसरीवर, आणि प्रतींची अदलाबदल होते. १९८० पासून ही अदलाबदल टेलिफोनवर करता येते. लॉ सोसायटीने त्यासाठी ठरावीक शब्दांचे मसुदे दिलेले आहेत. मी एका फायलीसमोर बसते, पलीकडचा वकील दुसऱ्या गावात. सहीची प्रत समोर आहे का, किंमत किती, अनामत दहा टक्के आहे ना, ताब्याची तारीख कोणती, हे एकेक विचारून घेतो आणि शेवटी घड्याळातली वेळ मिनिटासकट दोघे फायलीवर लिहितो. त्या मिनिटाला दोघेही बांधले जातात. आदल्या मिनिटाला दोघांपैकी कोणीही कारण न देता उठून जाऊ शकला असता. शेजाऱ्यांसमोर ढेकूळ द्यायचे त्या जागी आज हा फोन आहे, आणि तो ऐकायला तिसरं कोणी नसतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न घरातल्या माणसांचा. घर नवऱ्याच्या नावावर, मग विकताना सासूबाईंची सही कशाला? कॉलेजात जाणाऱ्या मुलाची कशाला? यामागचा इतिहास माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या काही खतांच्या पाठीवर एक शेरा असतो. नवराबायको दोघांनी मिळून जमीन विकली आहे, आणि अधिकाऱ्याने लिहिलं आहे की बायकोला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारलं. तिला हा कागद समजला आहे आणि ती स्वखुशीने सही करते आहे. त्या काळी लग्न झालेल्या बाईच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जाई, तिला एकटीने ती विकता येत नसे. एवढी परवशता असताना कायद्याने तिच्यासाठी ही एक बंद खोली ठेवली होती. पूर्वी हे काम न्यायाधीशांसमोर होई, १८३३ नंतर नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोरही. १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेची पुरी मालकी मिळाली आणि हळूहळू तो शेरा खतांवरून गेला.

मात्र बहुतेक घरं नवऱ्याच्याच नावावर राहिली, बायकोने हप्ते भरले तरी. १९८० मध्ये असा एक खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेला. नवऱ्याने धंद्यासाठी बँकेकडून घरावर कर्ज घेतलं, बँकेने जमिनीच्या सरकारी नोंदवहीत फक्त त्याचं नाव पाहिलं, बायकोला काही विचारलं नाही. तिचेही पैसे घरात होते आणि ती तिथे राहत होती. लॉर्ड्सनी निकाल दिला की राहत्या माणसाचा हक्क नोंदवहीत नसला तरी बँकेवर बंधनकारक आहे. दार वाजवून विचारायचं काम बँकेचं होतं. तेव्हापासून विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात घरात राहणाऱ्या १७ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाचं नाव विचारतात आणि त्यांची सही घेतात. २००१ मध्ये लॉर्ड्सनी आणखी सांगितलं: नवऱ्याच्या कर्जासाठी बायको घर तारण ठेवत असेल, तर वकिलाने तिला समोरासमोर, नवरा नसताना, भेटून समजावलं पाहिजे. मी अशा भेटींत बसते. बाहेरच्या खोलीत नवरा अवघडून घड्याळ बघत असतो, आत बाई पहिल्यांदाच कर्जाचा आकडा ऐकते. काही जणी सही न करता उठून जातात. कोणाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला ते या कायद्यातलं सगळ्यात माणुसकीचं काम वाटतं.

नोंदणीच्या लढाईकडे वळायला हवं, कारण ती फार लांबली. यॉर्कशायर आणि मिडलसेक्समध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी खतांच्या नोंदणी कचेऱ्या निघाल्या होत्या, पण देशभर काही नाही. १८३० मध्ये एका सरकारी आयोगाने देशव्यापी नोंदणीची शिफारस केली. विधेयकं आली आणि पडली. जमीनदारांना आपली गहाणं उघडी पडण्याची धास्ती, गावोगावच्या सॉलिसिटरांना फीची. १८६२ मध्ये लॉर्ड वेस्टबरी यांनी लँड रजिस्ट्री काढली खरी, पण नोंद ऐच्छिक, आणि हद्दी इंचाइंचाने सिद्ध करायच्या, त्यामुळे कोणी फिरकेना. १८७५ मध्ये हद्दींची अट सैल झाली, तरी तेच. मला खटकतं ते हे की त्याच सुमारास, १८८२ मध्ये, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानासाठी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा केला आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदलेलं खत सक्तीचं ठेवलं. तिथल्या शेतकऱ्याची विक्री दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उघड व्हायची, आणि इंग्रज उमरावाची पेटीत बंद. जे चांगलं आहे म्हणून दुसऱ्यांवर लादलं, ते स्वतःच्या घरी त्यांनी रोखून धरलं.

१८९७ च्या कायद्याने सक्ती आली, पण काउंटी कौन्सिलांना नकाराचा हक्क ठेवून. प्रत्यक्षात ती लंडनपुरतीच लागू झाली. लॉर्ड बर्केनहेड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये जमिनीचा सगळा कायदा नव्याने बांधला गेला, तेव्हाही सॉलिसिटरांशी तडजोड करून दहा वर्षं सक्ती पुढे रेटायची नाही असं ठरलं. ईस्टबोर्न १९२६ मध्ये आपणहून आलं, हेस्टिंग्ज १९२९ मध्ये. मग एकेक गाव, एकेक जिल्हा. शेवटचे जिल्हे १ डिसेंबर १९९० ला आले. दोन दिवसांनी, ३ डिसेंबरला, त्याहून मोठी गोष्ट घडली: नोंदवही लोकांना खुली झाली. तोवर घर नोंदलेलं असलं तरी मालकाच्या संमतीशिवाय कोणाला पान पाहता येत नव्हतं. भाडेकरूला त्यातून घरमालकाचं नाव कळत नव्हतं, शेजाऱ्याला पडक्या घराचा धनी कोण ते कळत नव्हतं. आज काही पौंडांत कोणत्याही नोंदलेल्या घराचं पान मिळतं. त्यावर मालक, बोजा, जुन्या बंधनांचा उल्लेख, आणि २००० नंतरच्या विक्रीची बहुधा किंमतसुद्धा असते. शिवाय त्या पानामागे सरकारची हमी आहे. नोंदीतल्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर सरकार भरपाई देतं. आपल्याकडच्या सातबाऱ्याला अशी हमी नाही, म्हणून तिकडे तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढावा लागतो.

तरीही सगळं उघड झालेलं नाही. विचारलेल्या प्रश्नांना विकणाऱ्याने खोटं उत्तर देता कामा नये, पण न विचारलेलं सांगण्याचं बंधन अजून मर्यादितच आहे. वेकफिल्डमधल्या एका घरात पूर्वी खून झाला होता. घेणाऱ्यांना ते खरेदीनंतर टीव्हीवरच्या कार्यक्रमातून कळलं. विकणाऱ्यांनी ‘घेणाऱ्याला कळायला हवं असं आणखी काही आहे का’ या प्रश्नाला प्रामाणिक समजुतीने ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं, म्हणून २००४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना दोषी धरलं नाही. घेणाऱ्यांनी मात्र ते घर पुढे विकताना सगळं सांगितलं होतं. निकाल कायद्याने बरोबर असेल. घेणाऱ्यांनी पुढे जे केलं ते मला जास्त बरोबर वाटतं.

परदेशी कंपन्यांच्या नावावरच्या घरांमागची माणसं कोण, हे नोंदवायची सक्ती २०२२ मध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर घाईने झाली. विश्वस्तांच्या आड असलेले लाभधारक नोंदवहीवर अजून दिसत नाहीत. गावाबाहेरच्या शेतकऱ्याशी बिल्डरने केलेला ‘दहा वर्षांत ठरल्या भावाने घेईन’ असा करार पुष्कळदा फक्त ‘अमक्या कंपनीच्या संमतीशिवाय विक्री नाही’ एवढ्या एका ओळीत झाकलेला असतो. त्यातलं खरं काय ते बाहेर येत नाही. माझ्याकडे येणारी तरुण जोडपी खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या शेतासाठी चार पैसे जास्त मोजतात. त्या शेतावर दोनशे घरं यायची ठरली आहेत का, हे त्यांना सही करण्याआधी कळलं पाहिजे, आणि त्यासाठी ते करार अटींसकट नोंदवहीच्या पानावर आले पाहिजेत.